आंधळ्या पित्याचे मागणे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी एखाद्या दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा आम्हांला प्रथम पंडिता रमाबाईंचे स्मरण झाले. त्याला कारणही तसेच आहे. रमाबाईंची घरची भाषा मराठी. परंतु वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत महाराष्ट्रात त्यांचे बिऱ्हाड नव्हते. महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढणाऱ्या आम्हां मंडळींना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी हे स्वाभाविकच आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयी, समाजकार्याविषयी आणि धर्मांतराविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आम्ही त्यांच्या चरित्राकडे एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणार आहोत. ज्याने जिवाच्या आकांताने देवाजवळ मागितले आणि ज्याच्या पदरात काहीच पडले नाही, त्याने विश्वास कशाच्या बळावर टिकवावा?

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या दाट अरण्यात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांच्यावर रोष ओढवला, तेव्हा उडुपीच्या धर्मसभेत शास्त्राधार दाखवून त्यांनी आपली बाजू मांडली. पुढे अतिथी आणि विद्यार्थी यांच्या पोषणात संपत्ती संपली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई त्या वेळी सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोक्यावरून नेण्यात आले. देवळात पुराण सांगावे, श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम पुढे वर्षानुवर्षे चालला. आईने या प्रवासातच मुलीला संस्कृत शिकविले आणि भागवत मुखोद्गत करून घेतले.

1874च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते, त्यांची दृष्टीही गेली होती. पुराण ऐकायला येणाऱ्यांजवळच खायला नव्हते, मग ते पोथीपुढे काय ठेवणार? या कुटुंबाने शास्त्रात सांगितलेले सर्व काही केले. व्रते केली, उपवास केले, जप केले, तीर्थांत स्नाने केली. उरलेला पैसा आणि दागिने पूजाअर्चेत खर्च केले. देव प्रसन्न होईल आणि संकट टळेल अशी त्यांची निष्ठा होती. या निष्ठेत तिळमात्र कपट नव्हते, हे आम्ही मुद्दाम नमूद करू इच्छितो. तरीही अखेर शिजवायला तांदळाचा दाणा उरला नाही.

तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. शेवटी शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. एकेकाचा निरोप घेताना त्यांनी धाकट्या लेकीला जवळ ओढले. तिचे तोंड त्यांना दिसत नव्हते. ते तिच्या मस्तकावरून आणि गालांवरून हात फिरवीत राहिले. तू माझी सर्वांत लाडकी, मी तुला देवाच्या हाती सोपविले आहे, जन्मभर त्याचीच होऊन राहा आणि त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे होते. थोरला मुलगा श्रीनिवास मोलमजुरी करायला तयार झाल्यामुळे जलसमाधीचा बेत राहिला; पण शास्त्रीबोवा लवकरच निवर्तले. थोड्याच दिवसांत आईही गेली. तिच्या तिरडीला खांदा द्यायला कशीबशी दोन माणसे मिळाली. श्रीनिवास तिसरा आणि रमाबाई चौथ्या. उंची कमी पडत असल्यामुळे त्यांनी तिरडीची बाजू डोक्यावर घेतली आणि स्मशान गाठले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या.

दोघे भावंडे मग हिंदुस्थानभर पायी हिंडली. ही पायपीट चार हजार मैलांवर भरते. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि मानेपर्यंत अंग त्यात पुरून रात्र काढली. हिमालयातील एका सरोवरात निष्पाप माणसाला पाहून तरंगते डोंगर जवळ येतात, अशी ख्याती होती. श्रीनिवासाने पोहत जाऊन पाहिले, तर तराफ्यांवर माती टाकून झाडे लावलेली होती आणि दक्षिणा मिळताच पुजाऱ्याची माणसे ते तराफे ढकलीत होती. असे अनुभव साचत गेले, आणि ज्या देवांपुढे आईबापांनी सर्वस्व ठेवले त्यांच्यावरचा या मुलांचा विश्वास हळूहळू उडाला. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी रमाबाईंचा गौरव केला, तेव्हा त्यांचे मन या अवस्थेत होते.

1880 साली श्रीनिवासही आजारी पडला. आपल्यामागे बहिणीचे कसे होईल, ही एकच चिंता त्याला होती. तुझी माझी काळजी घ्यायला आता देवावाचून कोणी नाही, असे रमाबाईंनी त्याला सांगितले. देव काळजी घेणार असेल तर मला कशाचेच भय नाही, असे म्हणून तो शांत झाला आणि गेला. जुनी श्रद्धा ढासळली होती, नवी सापडली नव्हती. अशा वेळी हे शब्द रमाबाईंच्या तोंडून निघाले. भावाचा प्राण मात्र वाचला नाही.

त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. 1881 साली कन्या मनोरमा जन्मली आणि 4 फेब्रुवारी 1882 रोजी पटकीने पतीला नेले. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या व तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 साली मुंबईत शारदा सदन निघाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. धर्मांतराच्या प्रश्नावरून 1893 साली वादळ उठले. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळाचा संबंध सोडला. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे आम्हांला प्रयोजन नाही.

1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः उपाशी राहिलेल्या त्या दिवसांची आठवण रमाबाईंना स्वस्थ बसू देईना. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथील जमिनीवर त्यांच्यासाठी निवारा उभा राहिला. तेच मुक्तिसदन. 1900च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्या मुलींसाठी ब्रेलची शाळा, विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना, असा तो पसारा होता. अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षांसाठी दिलेले अभिवचन 1898 साली संपले. त्यानंतर निश्चित उत्पन्न असे नव्हते. रमाबाई प्रार्थना करीत आणि पहाटेपासून कामाला लागत.

येथे आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. तिरुपतीच्या रानात मागितलेल्या अन्नाचे उत्तर वीस वर्षांनी मध्य प्रांतात मिळाले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ते म्हणणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. दुसऱ्यांच्या मुली वाचल्याने रमाबाईंची आई परत आली नाही. ती माणसे का गेली याचे उत्तर त्यांच्या चरित्रात आम्हांला कोठे सापडत नाही. एवढे मात्र खरे की, आंधळ्या पित्याने अखेरच्या क्षणी स्वतःसाठी अन्न मागितले नव्हते. त्याने लेक देवाच्या हाती दिली होती, आणि ती जन्मभर त्याच सेवेत राहिली. ही सेवा कोणत्या धर्माच्या वाटेने होईल, हे त्या वैदिक ब्राह्मणाला स्वप्नातही दिसले नसते. कदाचित ती वाट पाहून त्याला दुःखही झाले असते. मागणे माणसाचे असते. ते कोणत्या रूपाने फळावे, हे त्याच्या हाती नसते.

रमाबाईंच्या विश्वासाची कसोटी शेवटपर्यंत चुकली नाही. आपल्यामागे मनोरमेने मुक्तिसदन सांभाळावे, अशी त्यांची योजना होती. 24 जुलै 1921 रोजी, चाळिशीतच, मनोरमा गेली. पूर्वी देवांनी हाक ऐकली नाही म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरविणाऱ्या या बाईंनी या वेळी पाठ फिरविली नाही. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम कित्येक वर्षे चालले होते. ते त्यांनी पुरे केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे देहावसान झाले. मुक्तिसदनातील मुलींच्या हातांनी छापलेला तो ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी अशी एखादी रात्र येते की, देवाला घातलेले साकडे व्यर्थ गेले असे वाटते. त्या रात्री रमाबाईंचे चरित्र उत्तर देणार नाही. परंतु उत्तर न मिळताही सकाळी उठून दुसऱ्याच्या मुलीला जेवू घालता येते, एवढे ते निश्चित सांगेल.