जोडे शिवणारे डॉक्टर केरी

विल्यम केरी यांचे नाव ज्याच्या कानी पडले नाही असा ख्रिस्ती मनुष्य आपल्या मंडळ्यांत विरळा. बंगाल्यात राहून ज्यांनी आपल्या मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली छापून काढिला, आणि ज्यांच्या परिश्रमाने मराठी नवा करार १८११ साली बाहेर पडला, ते हेच सद्गृहस्थ होत. त्यांच्या विद्येची कीर्ती पुष्कळांनी वर्णिली आहे. येथे त्यांच्या नम्रतेचा विचार करू. कारण मोठी विद्या सर्वांस साध्य नाही, परंतु नम्रता गरिबांतील गरिबासही साध्य आहे.

केरी यांचा जन्म इंग्लंडातील पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. त्यांचा बाप विणकर होता व पुढे तो गावच्या शाळेचा मास्तर झाला. मुलगा वयात येऊ लागताच त्यास जोडे शिवण्याचा धंदा शिकावयास ठेविले. पुढे मोल्टन गावी ते मंडळीचे पाळक झाले, तरी वेतन अपुरे असल्याकारणाने मुलांस शिकवीत आणि जोडेही शिवीत. हातातील आरीने त्यांच्या सेवेस कमीपणा येतो असे त्यांस कधी वाटले नाही.

१७९३ साली ते बंगाल्यात आले, व १८०० साली हुगळी नदीच्या काठी श्रीरामपूर येथे राहू लागले. १८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. पुढे त्यांस डॉक्टर ही पदवीही मिळाली. असे सांगतात की, एकदा गव्हर्नर-जनरलच्या घरी भोजनास बसले असता, केरी हे पूर्वी जोडे करणारे होते काय, असे एका लष्करी अंमलदाराने त्यांस ऐकू जाईल अशा बेताने दुसऱ्यास विचारिले. केरी रागावले नाहीत. आपण नवे जोडे करणारे नसून केवळ जुने सांधणारे होतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. ज्याने आपले खालचे स्थान आपणच पत्करिले, त्यास आणखी खाली कोण ओढणार?

त्यांची नम्रता केवळ बोलण्यात नव्हती. कॉलेजात त्यांस प्रथम दरमहा ५०० व पुढे १००० रुपये मिळत. त्यांतून निर्वाहापुरते ठेवून बाकीचे ते मिशनाच्या सामाईक खजिन्यात घालीत. घरचा कारभार सर्व बंधू पाळीपाळीने पाहत. कोणी एक धनी नव्हता. शनिवारी सायंकाळी सर्वजण एकत्र जमून आठवड्यात एकमेकांविषयी मनात आलेला रुसवा बोलून मिटवीत, मग रविवारची उपासना होई. मराठीच्या कामी वैद्यनाथ पंडितांचे साहाय्य ते घेत. स्वतः शिक्षक असूनही या देशाच्या पंडितांजवळ शिष्य होऊन बसण्याची त्यांस लाज नव्हती.

११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागून कागद, खिळे व कित्येक वर्षांच्या श्रमाचे हस्तलेख जळाले. केरी यांनी ते देवाच्या इच्छेखाली नम्रपणे सोसले, आणि जळालेले काम पुन्हा हाती घेतले.

अंतकाळी अलेक्झांडर डफ त्यांस भेटावयास आले, तेव्हा आपल्यामागे केरीविषयी काही न बोलता केरीच्या तारणाऱ्याविषयी बोलावे, अशी त्यांनी विनंती केली. ९ जून १८३४ रोजी ते प्रभूजवळ गेले. आपल्यासाठी निराळा दगडही त्यांनी मागितला नाही. दुसऱ्या पत्नीच्या थडग्याच्या दगडावर जागा उरेल तेथे आपला लेख कोरावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते.

प्रिय वाचकहो, चार अक्षरे शिकून हाती पुस्तक आले म्हणजे बापाचा धंदा लपवावासा वाटतो काय? उपदेशक म्हणून गावोगाव मान मिळू लागला म्हणजे झाडू, खोरे किंवा आरी हाती धरण्यास संकोच होतो काय? मंडळीतील बंधूशी अबोला धरूनच आपण प्रभुभोजनास बसतो काय? असे असेल तर येत्या शनिवारी सायंकाळी त्या बंधूच्या दारी आपण प्रथम जावे. तो बोलावील म्हणून वाट पाहू नये.