ताराबाई मोडक : अंगणाला शाळेचे रूप देणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ

पहाडगंज (नवी दिल्ली) : आईवडील दोघेही पोटासाठी घराबाहेर पडले की धाकट्या भावंडाची जबाबदारी थोरल्या बहिणीवर येते आणि तिची शाळा सुटते. पहाडगंजसारख्या दाट वस्तीतील कष्टकरी कुटुंबांचा हा प्रश्न नवा नाही. पाऊणशे वर्षांपूर्वी ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर त्याचे उत्तर शोधले ते ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते सदाशिवराव केळकर हे त्यांचे वडील. पदवीधर झाल्यानंतर राजकोटच्या बार्टन महिला प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. मात्र भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगाने त्यांना वेधून घेतले आणि प्रतिष्ठेचे पद सोडून त्या तेथे रुजू झाल्या. शिक्षेचे भय आणि बक्षिसाचा लोभ या दोहोंशिवाय मूल शिकते, स्वतःच्या हातांनी काम करताना त्याचा आत्मविश्वास घडतो, ही त्यांची धारणा तेथे पक्की झाली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले.

शहरातील सुस्थित घरांपुरते हे शिक्षण मर्यादित राहावे, हे ताराबाईंना मान्य नव्हते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे आले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या वस्तीत गेली. मुलांना न्हाऊ घालून, केस विंचरून, गाणी-गोष्टींत रमवणारी ही शाळा म्हणजेच अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागल्या. कडेवरचे भावंड पाळणाघरात विसावले की थोरली बहीण वर्गात बसू शकत होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. एका मुलाचे संगोपन दुसऱ्याचे बालपण हिरावून घेऊन होऊ नये, हा त्यामागील विचार होता.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. पोषण आणि लसीकरण यांमुळे ती आज घराघरांत परिचित आहे. परंतु अंगणवाडी भरते काही तास आणि मजुरी चालते दिवसभर. उरलेल्या वेळी मूल कोणाच्या कडेवर असते, हे विचारल्यावाचून ताराबाईंचे कार्य पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.