फऱ्याचे हाड आणि बडी बहनजी

आर्वीकडच्या आमच्या गावात, १९५० नंतरच्या दशकात, माझे काका कापसाने भरलेल्या बंडीवरून पाठीवर आपटले. हाडवैद्याने खांदा कामट्यांनी करकचून बांधला आणि तीन महिने हात हलवू नका म्हणून बजावले. हाड जुळले, पण हात पुन्हा डोक्यापर्यंत गेला नाही. पुढे मी हाडांचा डॉक्टर झालो, तेव्हा उमगले : काकांचा फरा, म्हणजे खांद्याचे पाते, मोडले होते.

हे हाड क्वचितच मोडते. शंभर अस्थिभंगांत जेमतेम एखादे. स्नायूंच्या जाड गादीत ते दडलेले असते. एवढा मार बसला म्हणजे फासळ्या आणि फुप्फुस आधी तपासावे लागते. मग क्ष-किरण चित्रात पाहायचे, भंग पसरट पात्यात आहे, मानेत आहे, की दंडाचे हाड जिच्यात फिरते त्या उथळ वाटीत? वाटीच्या भंगाचे पाच प्रकार इडेबर्ग यांनी १९८४ साली पाडले. तिथे चार-पाच मिलिमीटरची पायरी पडली तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. नुसते पाते मोडले तर बहुधा झोळी पुरते, आणि कळ सोसवू लागली की एक-दोन आठवड्यांतच हात हलवायला लावायचा. काकांना हवे होते ते एवढेच : एक क्ष-किरण यंत्र आणि वेळेवर हात हलवायला सांगणारा जाणता माणूस.

या दोन्ही गोष्टी खेड्यात आणण्याचा हट्ट धरला डॉ. सुशीला नायर यांनी. त्या हाडांच्या डॉक्टर नव्हत्या. जन्म १९१४ चा, पंजाबातला. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांच्या त्या धाकट्या बहीण. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकून त्या सेवाग्रामला आल्या आणि बापूंच्या डॉक्टर झाल्या. १९४२ नंतर आगाखान पॅलेसमधल्या कैदेतही त्या बापूंबरोबर होत्या. कस्तुरबा तिथेच १९४४ साली गेल्या. त्यांच्या नावाचे लहानसे रुग्णालय मग सेवाग्रामात निघाले, सुरुवातीला बायकामुलांसाठी. नंतर अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण झाले, आणि १९६२ ते १९६७ त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या.

एवढे झाल्यावर दिल्लीत स्थिरावणे सोपे होते. बाईंनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीत, त्या रुग्णालयाच्या आधाराने सेवाग्रामात वैद्यकीय महाविद्यालय काढले. विद्यार्थ्यांनी आधी आश्रमात राहायचे, मग खेड्यात. खादीचा त्यांचा आग्रह मला कधी फारसा पटला नाही. पण कॉलेज खेड्यात आले, म्हणूनच खेड्यातल्या माणसाला शिकलेले डॉक्टर मिळाले. पुढे तर आसपासच्या गावांतले शेतकरी सुगीला ज्वारी देऊन वर्षभराच्या उपचारांची तजवीज करू लागले.

बडी बहनजी ३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्रामातच वारल्या. त्याच वर्षी मी तिथे गेलो होतो. व्हरांड्यात एक शेतकरी कमरेत वाकून, झोळीतून मोकळा केलेला हात लंबकासारखा झुलवत होता. बैलाने उडवले होते, फरा मोडला होता. तिसरा आठवडा चालू होता.