काडतुसांची निवड आणि सालिम अली

जुन्या सरदार-मानकऱ्यांच्या वाड्यांत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली की पुष्कळदा शिकारीच्या काडतुसांचा ढीग हाती लागतो. पुठ्ठ्याची नळी, पितळी बूड आणि तोंडाशी एक आकडा. हा आकडा छर्र्याचा. त्याचा हिशेब असा, नंबर चढला की माल बारीक. इंग्रजी मापाने ४ नंबरचे छर्रे औंसात १७० बसतात, ६ नंबरचे २७०, ८ नंबरचे ४५०. बंदूक तीच असते. पण कोणते काडतूस निवडले, त्यावरून बंदूकवाला कशासाठी निघाला आहे ते ओळखता येते. ही निवड ज्यांनी विद्येच्या कामी लावली, त्या डॉ. सालिम अलींची आठवण अशा वेळी होते.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. आईबाप लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढविले. दहा-बारा वर्षांच्या ह्या पोराने हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, ते घरात कोणाला सांगता येईना. मामांची चिठ्ठी घेऊन पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. चिटणीस मिलर्डसाहेबांनी त्याला हुसकून दिले नाही. पक्षी तर ओळखलाच, शिवाय पेंढा भरलेल्या पाखरांचे खणच्या खण उघडून दाखविले. आम्हां शिक्षक मंडळींनी हा प्रसंग विसरू नये.

पुढे ब्रह्मदेशात व्यापार झाला, तो काही जमला नाही. मुंबईच्या संग्रहालयात नोकरी लागली. १९२९ मध्ये बर्लिनला स्ट्रेझेमान यांच्यापाशी शिक्षण झाले. परत येऊन पाहतात तो पैशाअभावी जागाच रद्द! मग पत्नी तेहमिनाबाईंसह ते किहीमला जाऊन राहिले. तेथे १९३० च्या पावसाळ्यात सुगरणींच्या वसाहतीवर त्यांनी नजर ठेवली. नर घरटे अर्धे विणतो, मादीने ते पसंत केले की पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे बांधायला घेतो. ज्या शोधाने त्यांचे नाव झाले, त्याला एकही काडतूस लागले नाही.

पण संस्थानांतील पक्ष्यांची मोजदाद करायची, तर त्या काळी नमुने मारावेच लागत. १९३१-३२ साली निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यासकट, हे काम सुरू झाले. संस्थानाने मुक्कामाचा खर्च द्यावा, आपण पगार घेणार नाही, अशी त्यांची बोली होती. बाईही तंबूत बरोबर असत. छर्र्याची निवड येथे महत्त्वाची. चिमणीएवढ्या पाखरावर ६ नंबरचा बार टाकला तर हाती चिंध्या येतात. तेथे धुळीसारखा बारीक छर्रा आणि हलका बार हवा. मग कातडे सोलून, कापूस भरून पायाला चिठ्ठी बांधायची: ठिकाण, तारीख, नर की मादी. चिठ्ठी नसेल तर पाखरू फुकट मेले! शिकारीची हौस त्यांनी कधी लपविली नाही. आपणही त्यांच्यासाठी ती लपवू नये.

ह्याच्या उलट चित्र भरतपूरचे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी तेथे शिकार झाली. ३९ बंदुका, आणि एका दिवसात ४२७३ पक्षी! त्या दिवशी सालिम अलींना ४२ वर्षे पूर्ण झाली होती. पुढल्याच वर्षी तेहमिनाबाई गेल्या. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि घरोघर गेले.

स्वातंत्र्यानंतर भरतपूरचे ते तळे आटवून शेती करावी, अशी मागणी उठली. सालिम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचविले. राजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालूच होता. २० जून १९८७ रोजी सालिम अली वारले. ज्या पाण्यावर बदकांचा खच पडला होता, तेथे त्यांच्या सोसायटीची माणसे जाळ्यात पाखरे धरीत, पायात आकडा कोरलेले हलके कडे घालीत, आणि सोडून देत.