सोनारचा पाया घालणारे पॉल लांझव्हँ कोण होते?

खोल समुद्रात प्रकाश पोहोचत नाही, आवाज मात्र दूरवर जातो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांझव्हँ यांनी याचाच उपयोग करून घेतला.

१८७२ मध्ये पॅरिसला जन्मलेले लांझव्हँ पिएर क्युरी यांचे विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या. त्यांचा माग काढण्यासाठी लांझव्हँ यांनी क्वार्ट्झ वापरून माणसाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्यात सोडला. १९१८ मध्ये पाणबुडीवर आदळून परतलेला प्रतिध्वनी त्यांना मिळाला. विजेने क्वार्ट्झचा आकार किंचित बदलतो, हे क्युरी बंधूंनीच प्रयोगाने दाखवले होते.

फॅसिझमच्या या उघड विरोधकाला १९४० मध्ये नाझींनी अटक केली. १९४२ मध्ये जावई जाक सोलोमन यांना गोळ्या घालण्यात आल्या. मुलगी एलेनची रवानगी ऑश्विट्झला झाली. ती जिवंत परतली. १९४६ मध्ये लांझव्हँ यांचे निधन झाले.

समुद्रतळावरचे उष्ण झरे १९७७ मध्ये सापडले, तेव्हा ते हयात नव्हते. २०१० मध्ये कॅनडाच्या पश्चिमेला, सुमारे २,२०० मीटर खोलीवर ‘कोविस’ हा सोनार बसवला गेला. कॅमेऱ्याला तिथे जेमतेम काही मीटर दिसते. कोविसने मात्र झऱ्यांतून उसळणाऱ्या लोटांचा आकार आणि वेग प्रतिध्वनीवरून टिपला, दर काही तासांनी, अनेक वर्षे.