बाबा आमटे : औषध संपलं, तिथून ज्यांचं काम सुरू झालं

शिरवळ (ता. खंडाळा) : अपघातात पाय गेलेला, पोलिओनं हात लुळा पडलेला, डोळ्यांनी अधू झालेला माणूस आपल्याकडं प्रत्येक गावात आहे. दवाखाना होतो, जखम भरते, कुबड्या मिळतात. पण पुढं काय? ओट्यावर बसून दिवस काढायचे, की पुन्हा चार माणसांत येऊन कमवायचं? एमआयडीसीत काम शोधणाऱ्या शिरवळच्या पोराला आणि डोंगरातल्या वाडीवरच्या माणसाला हा एकच प्रश्न पडतो. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी या प्रश्नाला ज्यांनी हात घातला, त्या बाबा आमटे यांच्याविषयी.

वकील ते मैल्याची पाटी

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, कशाचीच कमी नाही. शिकून वकील झाले आणि वरोऱ्यात वकिली सुरू केली. पण मन त्यात रमलं नाही. वरोऱ्याच्या सफाई कामगारांची बाजू घेतली, तेव्हा त्यांचं काम नेमकं काय असतं हे कळावं म्हणून स्वतः डोक्यावर मैल्याची पाटी वाहिली.

त्याच दिवसांत भर पावसात रस्त्याकडेला पडलेला एक माणूस त्यांना दिसला. नाव तुळशीराम. कुष्ठरोगानं बोटं झडलेली, जखमांत किडे पडलेले. बाबा घाबरून तिथून निघून गेले. रेल्वेत एका बाईची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना भिडलेला हा माणूस, गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटलेलं. आणि आज एका मरणाऱ्या माणसाला भ्यालो, हे त्यांना सहन होईना. ते परत आले, तुळशीरामची शेवटपर्यंत सेवा केली. पुढचं सगळं आयुष्य तिथूनच वळलं. नंतर कोलकात्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगावरच्या उपचारांचं शिक्षण घेतलं. १९४६ साली लग्न झालेल्या साधनाताई प्रत्येक पावलावर बरोबर होत्या.

रोग बरा झाला, पण घर बंद

तोवर कुष्ठरोगावर गुणकारी गोळ्या आल्या होत्या. माणूस बरा व्हायचा. पण बरा होऊन जायचा कुठं? घरचे दारात उभं करत नव्हते, विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, मजुरी कुणी देत नव्हतं. रोग गेलेला माणूसही भीक मागत फिरायचा. रोगापेक्षा हे दुखणं मोठं आहे, हे बाबांनी ओळखलं.

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. भांडवल होतं १४ रुपये, ६ रुग्ण आणि एक लंगडी गाय. झाडझाडोरा, विंचू-सापाची जागा. बाबा आणि रुग्णांनी मिळून विहीर खोदली, जमीन साफ केली, धान्य-भाजीपाला पिकवला.

हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. कुष्ठरोगात हातापायाची संवेदना जाते. तवा तापलेला आहे की गार, कुदळीनं तळहात सोलला की नाही, काहीच कळत नाही. दुखत नाही म्हणून जखम वाढत जाते आणि बोटं जातात. त्यामुळं काम करतानाही डोळ्यांनी हात राखावे लागतात, रोज पट्टी बदलावी लागते. पण हात रिकामे राहिले की माणूस आतून मरतो, हे बाबांना माहीत होतं. फुकट वाढलेल्या ताटानं पोट भरतं, मान मात्र खालीच राहते. म्हणून आनंदवनात दान मागायचं नाही, काम करायचं, हा नियम पडला.

पीक आलं, तर वरोऱ्यात भाजी घ्यायला कुणी तयार होईना. महारोग्यांच्या हातची म्हणून लोक तोंड फिरवायचे. पुढं परदेशातले तरुण स्वयंसेवक आनंदवनात राहून रुग्णांबरोबर बांधकाम करायला आले. परके लोक यांच्या पंगतीला बसून जेवतात, हे बघून गावकऱ्यांची भीती हळूहळू गेली. गिऱ्हाईक यायला लागलं. एखाद्यानं पैसे मोजून आपली भाजी घेतली, तर त्या पैशाहून तो विश्वास मोठा होता.

पुढं तिथं हातमाग, सुतारकाम, छपाई असे धंदे उभे राहिले. बरे झालेल्यांची लग्नं लागली, संसार झाले. अंध आणि मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या, अपंगांना हुन्नर शिकवणारं संधीनिकेतन सुरू झालं. ज्यांना गावानं बाहेर काढलं, त्यांच्याच आवारात कॉलेज उघडलं आणि गावाची पोरं तिथं शिकायला आली.

स्वतःचीच पाठ मोडली, तरी

मणक्याच्या आजारानं बाबांना बसणंही अशक्य झालं. उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. तरीही १९८५ साली सत्तरी ओलांडलेल्या बाबांनी तरुणांना घेऊन कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो यात्रा काढली. पोरं सायकलवर, बाबा गाडीत आडवे. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं नर्मदाकाठी कसरावदला जाऊन धरणग्रस्तांच्या बाजूनं उभे राहिले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणं देह त्याच मातीत पुरला.

आपल्या गावात काय करता येईल?

कुष्ठरोगाचं औषध आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. अंगावर बधिर चट्टा दिसला, तर लपवू नका, लगेच दाखवा. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात कुष्ठरोगातून बरी झालेली माणसंही येतात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर गेला, हे ग्रामसभेत उठून विचारता येतं.

निधी वाटून झाला म्हणजे मात्र काम संपलं, असं नाही. आपल्या गल्लीतला दिव्यांग भाऊ पिठाची गिरणी चालवत असेल, ताई शिवणकाम करत असेल, तर दळण तिथं टाकावं, कपडे तिथं शिवावेत. दया म्हणून नाही, काम चांगलं आहे म्हणून. वरोऱ्याच्या लोकांना हे कळायला काही वर्षं लागली. आपल्याला तेवढी लागायला नकोत.