मॅट्रिकही न झालेल्या माणसानं कॉलेजं का काढली?

बारावीचा निकाल लागून आठवडा झाला की कोरेगावातल्या बऱ्याच घरांत एकच वाद सुरू होतो. पोराच्या मोबाइलवर सहा महिन्यांच्या कोर्सची जाहिरात असते आणि आईच्या हातात कॉलेजचा प्रवेश अर्ज. पोराचं म्हणणं, तीन-चार वर्षं आणि एवढा पैसा कशाला घालवायचा, जे कामाला येतं तेवढंच शिकतो ना. वडिलांचं म्हणणं, डिग्री नसेल तर नोकरी राहू दे, सोयरीकसुद्धा जमायची नाही. तुम्ही यातल्या कुठल्याही बाजूला असा, आपल्या जिल्ह्यातला एक माणूस दोन्ही बाजूंच्या साक्षीला उभा करता येतो. लांब पांढऱ्या दाढीचा त्यांचा फोटो तुम्ही शाळेत असल्यापासून बघत आलात. कोरेगावचं डी. पी. भोसले कॉलेज ज्या रयत शिक्षण संस्थेचं आहे, तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील. पण जयंतीच्या भाषणांत त्यांच्या आयुष्यातला एक भाग जरा घाईनं उरकला जातो. भाऊराव स्वतः मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते.

जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. शेतकरी जैन कुटुंब, वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला. मुलानं शिकावं म्हणून त्यांना कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये घातलं, राहायला जैन बोर्डिंग. पण भाऊरावांचं डोकं पुस्तकापेक्षा तालमीत आणि कुस्तीत जास्त. त्यात १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा, असा बोर्डिंगचा दंडक होता. तो त्यांनी मानला नाही आणि बोर्डिंग सुटलं. राहायला आसरा दिला तो थेट राजर्षी शाहू महाराजांनी.

अभ्यासाची गाडी मात्र काही पुढे सरकेना. एक आठवण हमखास सांगितली जाते. खुद्द महाराजांनी मास्तरांकडे शब्द टाकला, की या पोराला वरच्या वर्गात ढकला. मास्तरांनी उत्तर दिलं, की भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर पास करतो, भाऊराव नाही. राजाला असं तोंडावर सांगणारा मास्तर होता आणि ते ऐकून घेणारा राजा होता, हेही जाता जाता लक्षात घ्या. इंग्रजी सहावीच्या आसपास शाळा संपली.

आता पुढची गंमत बघा. परीक्षेत अडकलेला हा माणूस साताऱ्यात येऊन खासगी शिकवण्या घेऊ लागला! मग ओगले काच कारखान्याच्या मालाची विक्री. मग किर्लोस्करांचा लोखंडी नांगर. मार्केटिंगचा कोर्स करणाऱ्यांनी इथं थोडं थांबावं. त्या काळात लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांना भीती वाटायची. अशा गिऱ्हाइकाला नांगर विकायचा म्हणजे बांधावर जायचं, समोर नांगरून दाखवायचं, शंकांना उत्तरं द्यायची, जमलं नाही तर पुढच्या गावाला जायचं. हे कुठल्याही वर्गात शिकवलं जात नव्हतं. भाऊराव ते शिकले आणि पक्के एजंट झाले. मधल्या काळात, १९१४ मध्ये, कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात खोटी साक्ष द्यायला नकार दिल्यामुळे त्यांनी तुरुंगही पाहिला.

आणि मग आला तो आपल्या तालुक्यातला अध्याय. कोरेगाव तालुक्यातल्या पाडळीला, म्हणजे सातारारोडला, धनजीशा कूपर यांनी नांगराचा कारखाना काढला. तो उभा करण्यात भाऊरावांचा मोठा हात होता. नांगर कसा बनतो, कुठं खपतो, शेतकरी कुठं अडतो हे त्यांना तोंडपाठ होतं. पण नफ्यातला वाटा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी बाजूला पडावा, ही त्यांची मूळ अट. त्यावरूनच दोघांचं बिनसलं आणि भाऊरावांनी कारखान्यातून अंग काढून घेतलं.

गोष्ट इथंच थांबवली तर मोबाइलवाल्या पोराचा विजय. मॅट्रिक नाही, डिग्री नाही, हातातलं कसब आणि बोलण्यातला दम यांवर माणूस कारखान्यापर्यंत पोचला. आजच्या भाषेत अगदी स्किल बेस्ड करिअर. मग याच माणसानं उरलेलं सगळं आयुष्य शाळा, वसतिगृहं आणि शेवटी कॉलेज काढण्यात का घालवलं? आपण डिग्रीशिवाय तरलो, तुम्हीही तरा, असं तो का म्हणाला नाही?

त्याचं उत्तर मला त्या नांगराच्या फिरतीत दिसतं. एजंट म्हणून ते गावोगाव हिंडले तेव्हा नांगर विकत घेणाऱ्याला पावती वाचता येत नव्हती. सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारावं लागत होतं. अशा माणसाच्या पोराला कसब आलं तरी ते कसब आहे हे मानणार कोण? भाऊरावांना शाहू महाराजांच्या घरचा आसरा होता, ओगले-किर्लोस्करांपर्यंत ओळख होती. ज्याची कुणाशी ओळख नाही, त्याची ओळख करून देणारा कागद म्हणजे सर्टिफिकेट. स्वतःचं नशीब त्यांनी सगळ्यांसाठी नियम म्हणून मांडलं नाही. यशस्वी माणसांमध्ये हे तसं दुर्मीळच.

कारखान्याच्या भानगडी चालू असतानाच, १९१९ मध्ये, कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघालं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्यांची पोरं एकाच छपराखाली. एकाच पंगतीला जेवायचं, स्वयंपाक आळीपाळीनं करायचा. १९२७ मध्ये महात्मा गांधी इथं येऊन गेले आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं.

पण पोरं वाढत होती आणि धान्य संपत होतं. इथं लक्ष्मीबाईंचं नाव घ्यायलाच हवं, कारण शिक्षणातली गुंतवणूक हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. भाऊरावांच्या या पत्नीनं माहेरून आणलेलं सोनं एकेक करत वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी मोडलं. शेवटी मंगळसूत्रही गेलं. त्या काळच्या, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या घरातल्या बाईसाठी हे दोनदा अवघड होतं. एकदा सोनं देणं, आणि एकदा सगळ्या जातींच्या पोरांना आपल्या हातानं वाढणं. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचं पहिलं कॉलेज त्यांना बघायला मिळालं नाही.

एवढं असून भाऊरावांनी शिक्षण फुकट वाटलं नाही. विद्यार्थ्याकडे पैसे नसतील तर पैसे मागायचे नाहीत, पण श्रम मागायचे. शेतात राबा, बांधकामाला हात लावा, त्यातून जेवणखाण आणि फी भागवा. आज आपण ज्याला कमवा आणि शिका म्हणतो ते हेच. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव यांच्या नावाचं हायस्कूल याच तत्त्वावर निघालं, आणि १९४७ मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज. दरम्यान यवतेश्वरापासून सुरुवात करून डोंगरकपारीतल्या गावांत पाचशेहून अधिक प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या.

हे श्रम मागणं नुसती शिस्त नव्हती. त्यात माणसाच्या स्वभावाची पारख होती, आणि तुमच्या मोबाइलवरच्या कोर्सशी त्याचा थेट संबंध आहे. एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन कोर्सांचा एक अभ्यास २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्या शंभरातल्या जेमतेम तिघांनी कोर्स पूर्ण केला होता. सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांमध्ये मात्र हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेलं. कोर्स तोच, मास्तर तोच, व्हिडिओ तोच. काहीतरी पदरचं घातलेला माणूस टिकला. भाऊरावांच्या पोरांनी पदरचा घाम घातला होता. वर उठवायला घंटा होती आणि शेजारच्या घोंगडीवर तोच धडा घोकणारा सोबती होता. तुमच्या मोबाइलमध्ये धडा आहे. घंटा आणि सोबती यांची सोय तुम्हाला स्वतः करावी लागेल.

म्हणजे कोर्स वाईट का? अजिबात नाही. उलट टॅली, सीएनसी प्रोग्रॅमिंग, व्हिडिओ एडिटिंग, कोडिंग या गोष्टी पदवीच्या अभ्यासक्रमात यायला वेळ लागतो. तोवर बाजार पुढे गेलेला असतो. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीनं २००३ मध्ये सुरू केलेल्या एनपीटीईएलवर देशातले उत्तम प्राध्यापक फुकट ऐकायला मिळतात. केंद्र सरकारचं स्वयम् २०१७ पासून आहे. आणि २०२१ च्या नियमांनुसार कॉलेजनं मान्य केलं तर पदवीचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयम्‌वरून मिळवता येतात. तेव्हा कोर्स की कॉलेज, असा सामना लावायची गरजच बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही. मुलं मात्र अजून सामनाच लावून बसतात, कारण जाहिरातींना सामना आवडतो.

पण काही दारं अशी आहेत की तिथं कितीही कोर्सांची सर्टिफिकेटं दाखवा, उपयोग नाही. एमपीएससीच्या राज्यसेवेचा अर्ज पदवीशिवाय भरता येत नाही. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेचंही तेच. बीएड, एमबीए, एलएलबीचा तीन वर्षांचा रस्ता, सगळीकडे आधी पदवी विचारतात. आज अठराव्या वर्षी तुम्हाला यातलं काहीच नको असेल. चोविसाव्या वर्षी हवं वाटलं तर? आपल्या भागात तर प्रत्येक अभ्यासिकेत असे दोन-चार जण सापडतील. नोकरी करतच पदवी घ्यायची असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच आहे.

माझं मत विचाराल तर हिशेब असा. तालुक्याच्या ठिकाणी परवडणाऱ्या फीचं कॉलेज असेल तर ते सोडू नका, आणि संध्याकाळी एक कोर्स मन लावून करा. पाच नको, एक. शेत गहाण ठेवून लांबच्या कुठल्यातरी चकचकीत कॉलेजात नुसती पदवी घ्यायची असेल, तर त्यापेक्षा कोर्स, काम आणि मुक्त विद्यापीठाची पदवी हा रस्ता शहाणपणाचा. कोर्सवाल्यांच्या हप्त्यांचा कागद मात्र नीट वाचा. पुष्कळदा फीचा हप्ता म्हणून ज्यावर सही होते ते खरं तर कर्ज असतं, आणि कोर्स सुटला तरी कर्ज सुटत नाही. एखादी कंपनी विद्यापीठाची फ्रँचायझी असल्याचं सांगून ऑनलाइन पदवी देत असेल, तर तसली पदवी चालत नाही हे यूजीसीनं २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे. पावती वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याच्या नातवंडांनी न वाचता सही करावी, हे काही बरं नाही.

भाऊरावांचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. स्वातंत्र्यानंतर सरकारशी खटका उडाला आणि १९४८ मध्ये संस्थेचं अनुदान थांबलं. ते पुन्हा सुरू होईपर्यंत लोकांच्या मदतीवर शाळा चालल्या. १९५४ मध्ये कराडचं कॉलेज निघालं, त्याला गाडगे महाराजांचं नाव दिलं. रयतेत शिकलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन आले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये भारत सरकारनं भाऊरावांना पद्मभूषण दिलं, आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठानं डी. लिट्. दिली. ज्याचा बाक पास होत होता पण तो होत नव्हता, त्याच्या नावापुढं डॉक्टर लागलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ मे १९५९ रोजी, ते गेले. साताऱ्यात २०२१ पासून त्यांच्या नावाचं विद्यापीठच आहे, आणि ते १९४७ सालच्या त्या शिवाजी कॉलेजलाही सामावून उभं आहे.

आणि एक कामाची गोष्ट. कमवा व शिका योजना आजही राज्यातल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत चालते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात तर ती कर्मवीरांच्याच नावानं आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरलेले तास काम करायचं आणि त्याचा मोबदला घ्यायचा. पैशामुळे प्रवेश अडला असेल तर घरातला वाद जरा बाजूला ठेवा. कॉलेजच्या ऑफिसात जा आणि या योजनेचा फॉर्म आहे का, जागा किती आणि शेवटची तारीख कोणती, हे तीन प्रश्न विचारा. खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर तिथून हलू नका, विद्यार्थी विकास किंवा विद्यार्थी कल्याण विभाग कुणाकडे आहे ते विचारून त्या सरांना गाठा.